ठमाबाईने काम सोडले नाही

दीडशे उंबऱ्यांच्या तळेगव्हाणात, गावाबाहेर जिथे सगळ्यांची खळी होती तिथे, एका बाभळीखाली श्रीरानोबा महाराजांचे छपर होते. मठ नाही, गादी नाही. आल्यागेल्याशी बोलता बोलता महाराज अंबाडीचे दोर वळीत बसत, आणि वळलेला दोर ज्याला हवा त्याने न्यावा. गावातल्या निम्म्या विहिरींवर महाराजांच्या हातचा दोर होता. भाविकहो, त्या महाराजांची ही कथा. ऐकताना मध्ये मध्ये हसू येईल. आले तर आवरा, कारण या कथेत एक माणूस गावाच्या हसण्याने मेले आहे.

त्याच खळ्यांवर ठमाबाई धान्य पाखडायची. नवरा तापात गेला तेव्हा तिची विशी नुकतीच उलटली होती. मूलबाळ नाही, घरात सासू येसाई, तीही डोळ्यांनी अधू. पण ठमाबाईच्या हातात सूप आले की दाणा एकीकडे, खडा एकीकडे आणि कोंडा वाऱ्यावर. गावच्या बायका म्हणत, ठमीने पाखडलेल्या ज्वारीत खडा लागला तर आपलाच दात कच्चा समजावा. पावसाळ्यात खळी बंद पडली की ती घरोघर जाऊन कणगीतले धान्य काढून निवडून द्यायची आणि सूपभर दाणे पदरात घेऊन घरी यायची. चातुर्मासाच्या समाप्तीला देवळात भंडारा होई, त्याचा गहू मात्र तिनेच पाखडायचा. हा तिचा मान होता, आणि वर्षभर तिला त्याचा केवढा अभिमान असे!

येसाई आपल्याविषयी एकच वाक्य बोलायची, "मी काय बाई, कामातून गेलेलं माणूस." ठमाबाई भाकरी थापता थापता सांगायची की आत्याबाई, तुम्ही कामातून गेलात तर मला गोष्टी कोण सांगणार, मग दोघी हसत. त्या घरात खायला फार नव्हते, हसायला मात्र भरपूर होते.

खळ्यावर जाता-येता ठमाबाई महाराजांच्या छपराशी थांबे. इतर लोक मूल मागत, पाऊस मागत, शेजाऱ्याचे वाटोळे मागणारेही होते. ही हात जोडून एवढेच म्हणे, "महाराज, हाताला काम असू द्या." महाराज दोरावरची नजर न काढता म्हणत, "असेल."

त्या वर्षी ज्येष्ठात डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पटकीची साथ आली. मेलेल्याला उचलायला माणूस उरला नाही असे कानावर आले, तेव्हा महाराज अर्धा वळलेला दोर खुंटीला तसाच ठेवून तिकडे निघून गेले.

इकडे आषाढी एकादशीला महादेवाच्या देवळात पुराण लागले. पोथीवर नागेशपंत पुराणिक. गळा गोड, पाठांतर दांडगे, आणि विनोद असा करीत की सभामंडप हलावा. विद्वान खरेच होते, खोटे कशाला बोलू? पण त्या हशाची त्यांना चटक लागली होती. दृष्टान्त चुकला तर चालेल, हशा चुकता कामा नये, अशी त्यांची गत झाली होती.

चातुर्मास लागताना आपल्याकडे काही ना काही सोडतात. कुणी वांगे सोडतो, कुणी कांदा, कुणी पलंगावर निजणे. हातावर पाणी घ्यायचे, 'सोडले' म्हणायचे आणि ते पाणी ताम्हनात सोडायचे. पंतांनी यंदा नवेच काढले. म्हणाले, वांगी सोडून कुणी तरलेला नाही, मनाच्या सहा शत्रूंपैकी एकेक सोडा. मग पाटलांनी क्रोध सोडला. सोनाराने लोभ सोडला, तेव्हा मंडपात खसखस पिकली. विधवा बायकांची ओळ आली, तसे पंतांनी कुणाला न विचारता ठरवून टाकले की यांनी काम सोडावा.

आता पाहा, पोथीतला 'तो' काम म्हणजे वासना, सहा शत्रूंतला पहिला. आणि तुमच्या-आमच्या तोंडातले 'ते' काम म्हणजे हातांनी करायचे ते. अक्षरे दोन्हीकडे तीच. ठमाबाईने जन्मात 'ते' काम सोडून दुसरे ऐकले नव्हते. ती कुणाकडची तूर निवडून तशीच आली होती, केसांत फोलपटे, आणि वहाणांपाशी शेवटी बसली होती. तिच्या हातावर पाणी पडले. पंत म्हणाले, "म्हण, मी काम सोडला." सोडला काय म्हणतात, तिला वाटले, शिकलेल्यांची बोली तशी असेल. आणि मग अर्थ ध्यानात आल्यासारखी दचकून तिने हात मागे घेतला. पाणी फरशीवर सांडले.

"ते नाही जमायचं मला, पंत," ती म्हणाली. "घरी म्हातारी आहे. काम सोडलं तर आम्ही जगावं कसं? हवं तर एक वेळचं जेवण सोडते."

पंतांना सारे कळले होते. एका वाक्यात सांगता आले असते की बाई, हे काम ते नव्हे. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेही होते. पण कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसले, आणि तो हसण्याचा वास त्यांना लागला. ते सभेकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? बाई जेवण सोडायला तयार आहे, काम सोडायला नाही!"

मंडप कोसळेल इतका हशा झाला. पाटील मांडीवर थाप मारून हसले. बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. सगळे हसतात म्हणून ठमाबाईही थोडे हसली, आणि भाविकहो, मला त्या हसण्याचेच सगळ्यात वाईट वाटते.

चार दिवसांनी नदीवर धुणे धुताना शेजारच्या कोंडाबाईने तिला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. ठमाबाई हातातले लुगडे पाण्यात धरून तशीच बसून राहिली, ते वाहून चालले तरी तिला कळले नाही. तरण्या विधवेने भर देवळात, महादेवापुढे, काय सोडणार नाही म्हणून सांगितले होते! आणि तेच आता पारावर, गिरणीत, पाणवठ्यावर फिरत होते. 'काम न सोडणारी ठमी' असे तिचे नावच पडले.

चेष्टा चार दिवस टिकते आणि संशय चार महिने. ज्या घरांत ती वर्षानुवर्षे माजघरापर्यंत जायची, त्या घरांच्या बायका आता उंबऱ्यातच आडव्या येऊ लागल्या. घरात नवरे होते, दीर होते, कर्ते मुलगे होते. तोंडावर कुणी काही म्हटले नाही. सगळ्या गोड बोलून एकच सांगत, "सध्या काम नाही गं." आत कणगीतल्या धान्याला कीड लागलेली दिसे, अंगणात सुपात न निवडलेले धान्य दिसे, तरी काम नाही. भंडाऱ्याचा गहू यंदा दुसरीला द्यायचा, असेही ठरून गेले.

शेवटी ती पंतांच्या दारात गेली. तिला एवढेच सांगायचे होते की मला कळले नव्हते, तुम्ही लोकांना तसे सांगा, तुमचे ऐकतील. ओसरीवर पंत पान जुळवीत बसले होते, भोवती चार माणसे होती. तिला बघून त्यांनी आपण कुणालाही विचारतो तसे विचारले, "काय काम आहे?"

ती चाचरली. एवढ्या माणसांत तो शब्द उच्चारायचीच तिला भीती बसली होती. तरी म्हणाली, "कामाचंच बोलायला आले होते." ओसरी पुन्हा हसली. पंतांनी पानाला चुना लावता लावता विचारले, "अजून सुटलं नाही का?" ती आली तशी परत फिरली.

श्रावण गेला, भादवा आला. ठमाबाई रानातली भाजी, तांदुळजा, घोळ, जे मिळेल ते आणी. दोन ओंजळी पिठाची एक भाकरी होई, तिचे दोन भाग. येसाई आपला अर्धा घेऊन गोधडीवर भिंतीकडे तोंड करून बसे आणि थोड्या वेळाने म्हणे, झालं गं माझं, पोट भरलं. कधी ठमा आपल्यातला तुकडा पुढे करी, तर म्हणे, कामातून गेलेल्या माणसाला भूक कसली. पितृपंधरवड्यात, सर्वपित्री अमावास्येला, म्हातारी सकाळी उठलीच नाही. गावात घरोघर पितरांना पाने वाढली जात होती, पत्र्यांवर कावळे वडे खात होते. गोधडी उचलली तेव्हा ठमाबाईला तिच्याखाली भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले, फडक्यात नीट बांधून सुनेसाठी ठेवलेले. पुष्कळ दिवसांचे होते.

दसऱ्यानंतर महाराज परतले. अंग निम्मे झाले होते. येऊन त्यांनी खुंटीवरचा अर्धा दोर काढला आणि वळायला घेतला. ठमाबाई समोर येऊन उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत आणि काही मागितलेही नाही. महाराजांनी विचारले, "येसाई बरी आहे ना?" तेव्हा तिने आषाढापासूनचे सगळे सांगितले. अगदी कोरड्या आवाजात, दुसऱ्या कुणाचे सांगावे तसे. शेवटी म्हणाली, "तुम्ही 'असेल' म्हणाला होतात."

महाराजांचे हात थांबले. दोर वळताना ते हात थांबलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. महाराज म्हणाले, "ठमा, मला उशीर झाला." एवढेच. समजूत नाही, उपदेश नाही. भाविकहो, संत असे असतात. चुकले तर आडवळणे घेत नाहीत.

त्याच दुपारी महाराज देवळात गेले आणि वहाणांपाशी, ठमाबाईच्या जागी जाऊन बसले. पंतांनी पोथीवरून पाहिले, पुढे येण्याचा आग्रह केला. महाराज म्हणाले, "इथं बरं आहे. पंत, आमच्या लेकीला जे सोडायला सांगितलंत, ते आपण सोडलंत का?"

पंत हसून म्हणाले, ते तर केव्हाच. महाराज म्हणाले, "मग एकदा पाणी सोडून दाखवा."

एवढ्या सभेत माघार कोण घेणार? पंतांनी हातावर पाणी घेतले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "मी काम सोडला." पाणी ताम्हनात पडले. महाराज उठून हळूहळू निघून गेले, आणि पंतांनी पुढचा श्लोक घेतला. अर्थ सांगायला लागले, "माणसाचे चार पुरुषार्थ. धर्म, अर्थ..." आणि अडले. ओठ मिटले, घसा हलला, आवाज नाही. पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली, "धर्म, अर्थ... मोक्ष." मंडपात चुळबुळ झाली. पोथीत अक्षरे ढळढळीत दिसत होती. 'का' म्हणता येत होता, 'म' म्हणता येत होता, दोन्ही एकत्र जिभेवर येईनात. हातावरच्या पाण्याबरोबर तो शब्दच निघून गेला होता!

पंतांना वाटले, पोथीतला एक शब्द गेला, टाळता येईल. तो कुठे कुठे लागतो हे त्यांना घरी गेल्यावर कळले. गड्याला सांगायचे होते की कामाला लाग, नुसता हात हलला. दारात पाव्हणा आला, त्याला काय काम आहे हे विचारता येईना. शिष्याला 'असं वागता कामा नये' म्हणून दटावायला गेले, तर 'असं वागता' एवढेच बाहेर पडले आणि तो आनंदाने मान डोलावून गेला. बायकोने विचारले, इतका वेळ माजघरात काय शोधता? 'काही काम नाही' म्हणायचे होते, तेही अडले, आणि ती बिचारी घाबरून अंगाला हात लावून ताप बघू लागली. दिवसातून किती वेळा हा शब्द तोंडात येतो हे कधी मोजले आहे का तुम्ही? पंतांना आठ दिवसांत मोजावे लागले.

गावाला कळायला वेळ लागला नाही. मग काय विचारता! जो तो वाटेत गाठून म्हणे, पंत, काय काम काढलंत? पंत, कामात आहात का? आणि त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत उभा राही. पारावर तर ठरूनच गेले की पुराणिक कामातून गेला, समाप्तीला दुसरा बघायला हवा. पाटील हसून हसून डोळे पुसत महाराजांना हे सांगायला खळ्यावर आले. महाराज म्हणाले, "पाटील, आषाढात तुम्ही क्रोध सोडला होता. हसणं सोडलं असतंत तर एक जीव वाचला असता." पाटलांना परतीची वाट सापडेना. त्या दिवसापासून गावातले हसणे थांबले.

कार्तिकी चार दिवसांवर आली तेव्हा पंत छपराशी येऊन पडले. पगडी हातात, डोळे रडून लाल झालेले. जे मागायचे त्याचे नावही त्यांना घेता येत नव्हते. महाराज म्हणाले, "तो शब्द माझ्याकडे नाही. ज्या बाईच्या तोंडचा तुम्ही काढून घेतलात, तिच्याकडे जा. ती देईल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

ठमाबाई दारात बसून सुपाचा सुटलेला वेत बांधीत होती. करायला दुसरे काही नव्हते म्हणून. पंत अंगणात येऊन उभे राहिले. मागे गाव येऊन थांबले होते. पंतांनी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. कामाला चल म्हणायचे होते, काम गेले ते माझ्यामुळे म्हणायचे होते, जे जे म्हणायचे त्यात तोच शब्द आडवा येत होता. ठमाबाई बघत राहिली. तिच्या मनात आले की असेच उभे राहू दे, अंधार पडेपर्यंत उभे राहू दे, मी ओसरीखाली उभी होते तशी. ती साधी बाई होती, देवता नव्हती. तिने सुपाची एक गाठ मारली, दुसरी मारली. मग दारात आलेल्या माणसाला तिष्ठत ठेवायची तिला सवय नव्हती म्हणून, आपण कुणालाही विचारतो तसे, तिने विचारले,

"काय काम होतं, पंत?"

पंतांचा घसा हलला. "काम..." ते म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांना रडू कोसळले. "काम तुमच्याकडेच होतं, ठमाबाई. तुम्हाला कळलं नव्हतं, हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी सांगितलं नाही. लोक हसले, मला गोड वाटलं." हे त्यांनी मागे वळून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे, दुसऱ्यांदा सांगितले. मग म्हणाले, "भंडाऱ्याचा गहू तुमचा आहे. चला."

आणि ते तिच्या पायांवर वाकले. तिने पाय मागे घेतले.

"माझ्या नको," ती म्हणाली. "मी जगले. नमस्कार तिकडे करा."

तिने घरात जाऊन बोट दाखवले. भिंतीशी येसाईची गोधडी घडी करून ठेवली होती, वर फडक्यातली पुरचुंडी होती. पंतांनी विचारले त्यात काय आहे, आणि तिने सांगितले. ज्यांना त्या दिवसाआधी गावात कुणी कधी वाकलेले पाहिले नव्हते, ते नागेशपंत पुराणिक त्या गोधडीपुढे जमिनीला कपाळ टेकून पडले. मागे पाटील वाकले, बायका वाकल्या, कुणी कुणाकडे बघेना.

"कामातून गेलेलं माणूस म्हणायच्या स्वतःला," ठमाबाई म्हणाली. "कामी आल्या बघा शेवटी." ती हसली नाही, रडलीही नाही. पंत अजून उठले नव्हते. त्यांना ओलांडायचे नाही म्हणून ती कडेने बाहेर आली, सूप काखेत मारले आणि गहू पाखडायला देवळाकडे निघाली.